धावून येणाऱ्यांची इंजिनं

एका धडधाकट, रोज पहाटे चार मैल चालून येणाऱ्या आणि पेन्शन आणायला स्वतः सायकल मारत जाणाऱ्या गृहस्थांच्या नावाआधी मी 'कै.' असं लिहून बसलो. कागदावर लिहिलं असतं तर कागद गिळून टाकला असता. पण लिहिलं ते पिवळ्या ऑईलपेंटनं, पत्र्याच्या इंजिनावर, आणि ते इंजिन होतं माझ्या चुलत सासऱ्यांनी बनवलेलं. माझ्या चुलत सासऱ्यांइतका रुळावरचा माणूस सगळ्या मराठवाड्यात माझ्या पाहण्यात दुसरा नाही. 'रुळावरचा' हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतोय. त्यांची झोप, त्यांचं जेवण, त्यांचा राग, सगळं रुळांवरून चालायचं, आणि जिथं रूळ नव्हते तिथं ते स्वतः टाकायचे. त्यांच्या स्वयंपाकघरातून, फडताळाखालून, बायकोच्या पिठाच्या डब्याला वळसा घालून बाजेच्या चार पायांमधून जाणारा साडेतीन बोटं रुंदीचा लोहमार्ग मी स्वतः ओलांडलेला आहे. दोनदा अडखळूनही पडलो आहे.

माझ्या बायकोचे हे धाकटे काका. मीही त्यांना काकाच म्हणायचो. मूळ गाव मुखेडकडचं, पण सगळी हयात लातूरला अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या शेडमध्ये फिटर म्हणून गेली. ही छोटी गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून पटायचं नाही. उतारू चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. काकांना मात्र तिचा वेग कमी आहे हे कुणी म्हटलेलं खपायचं नाही. "गाडी सावकाश न्हाई," ते म्हणायचे, "लोकायलाच घाई लई." निवृत्त झाल्यावर शेडमधलं सगळं ते घरी घेऊन आले, म्हणजे सामान नव्हे, सवयी. स्वयंपाकघरात शिरण्याआधी बारीक शिट्टी मारायची, म्हणजे काकूंनी तवा-बिवा बाजूला घ्यावा. शेजारी चिडला की त्याचं प्रेशर वाढलंय. मेहुणा आजारी पडला की त्याला बॉयलरसारखा एकदा धुऊन काढायला पाहिजे. लग्न ठरवताना मुलाचं शिक्षण बाकीचे विचारायचे, काका त्याच्या गुडघ्यांकडं बघायचे. एसटीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ज्या वाहनाला ड्रायव्हरच्या मनात येईल तिकडं जाता येतं त्यात शहाण्या माणसानं बसू नये, असं त्यांचं मत. मुखेडला जायला एसटीशिवाय इलाज नसे, म्हणून ते डोळे मिटून बसत आणि उतरल्यावर कंडक्टरला जयभीम घालून 'वाचलो' म्हणत.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी नांदेडहून तिकडं बदली झाली. जिल्हा नवा, कचेरी नवी, रबरी शिक्के इतके नवे की शाई धरत नव्हते. जुना होता तो फक्त दुष्काळ. खोली मिळेपर्यंत आठ दिवस म्हणून मी काकांकडं उतरलो आणि सव्वा वर्ष राहिलो. जावई माणूस. आणि त्या घरात जावयाचा एक कायदा होता, तो इथंच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच घडलं. जावयाची चूक काढायची नाही. माझ्या हातून कपबशी फुटली तर बशीलाच आधी तडा होता. मी वरणात दोनदा मीठ घेतलं तर मीठच कमी खारट आलं होतं. टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा, त्या उन्हाळ्यात मी पाय लागून एक भरलेली घागर आडवी केली. काकू ओल्या जमिनीकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असू द्या जावई. जमिनीला बी तहान लागलीच होती की." ही शिक्षा मला आयुष्यात कुठल्याही साहेबाच्या मेमोपेक्षा जास्त लागली.

तर इंजिनं. वनस्पती तुपाचे डबे, दोऱ्याची रिकामी रिळं, छत्रीच्या काड्या, औषधाच्या बाटल्यांची झाकणं यांतून काका हातभर लांबीचं इंजिन असं उभं करायचे की जवळ गेलं तर धुराचा वास येईल असं वाटावं. आत गजराच्या घड्याळाचं यंत्र. किल्ली दिली की इंजिन सुटायचं. फक्त यंत्रापासून घंटा वेगळी काढणं काकांना कधी जमलं नाही, त्यामुळं प्रत्येक इंजिन सहा-सात फूट धावून कर्कश गजर द्यायचं आणि जागीच थरथरत राहायचं. याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "टेशन आल्यावर घंटा वाजतीच की."

पण इंजिनं करणं हा त्यांचा अर्धाच छंद. अर्धा छंद रंगवण्याचा. काकांचं प्रत्येक इंजिन कुणाच्या तरी मानाचं असायचं, त्या माणसाच्या कामाच्या रंगात रंगवलेलं, बाजूला त्याचं नाव. आणि हा मान मिळवायला नियम एकच: माणूस धावून आलेला पाहिजे. संकटाला जो आधी धावून आला त्याचं इंजिन. मुखेडच्या एसटीत एका बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा पुढच्या बाकावरून उठून दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी बाळंतपण केलं, तर सिस्टरबाईंना पांढरंशुभ्र इंजिन, वर लाल पट्टा. हे कळल्यावर त्या गाडीचा कंडक्टर घरी आला. बस त्यानं थांबवली, पुरुष उतारू त्यानं खाली उतरवले, मग त्याला काहीच नाही का? काकांनी विचार केला. म्हणाले, "तुमी मागून आलात. जो मागून येतो त्याचा डबा." आणि त्याला खाकी रंगाचा डबा करून दिला, खिडकीच्या ठिकाणी तिकिटाला पाडतात तसलं भोक. कंडक्टर खुशीत गेला. मी गमतीनं विचारलं, की आणि जो नुसता उभा राहून बघतो त्याचं काय? काकांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "त्याचा सिग्नल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाजेच्या पायाशी एक नवा सिग्नल दिसला. त्यावर नाव नव्हतं, पण तो थोडासा पोक काढून उभा होता आणि त्याला चष्मा होता.

नांदेडला जिनिंगच्या आगीत शिडीवरून आत उतरून दोन हमाल बाहेर काढणाऱ्या बंबावरच्या जवानाला लाल इंजिन द्यायला काका मला घेऊन गेले, अर्थात डोळे मिटून. जवानानं इंजिन हातात घेतलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग म्हणाला की शिडी डाव्या बाजूला दाखवलीय, आमची उजवीला असते. काकांनी ते इंजिन तसंच परत लातूरला आणलं, शिडी बदलली आणि पुन्हा नांदेड. मी म्हटलं पोस्टानं पाठवू. काका म्हणाले, "तो माणूस आगीत सोता गेला का पोस्टानं?" टँकरच्या ड्रायव्हरला मात्र इंजिन न्यायची गरज पडली नाही, तोच दारात यायचा. त्याला निळं-पांढरं इंजिन मिळालं, पण न्यायला तो तयार होईना. घरी पोरं मोडतील म्हणून इथंच ठेवा, म्हणाला. मग दर खेपेला टँकर आमच्या दारासमोर लावून तो आपलं इंजिन धावताना बघायला आत येऊ लागला आणि तोवर गल्लीतल्या बाया निवांत भरून घेऊ लागल्या. ज्या बाया आजवर काकांना 'येडा फिटर' म्हणायच्या त्या आता काकूंना विचारू लागल्या, की काका घरी हायेत ना, किल्ली दिलीय ना?

या सगळ्यात माझं काम नावं घालायचं. माझं अक्षर बरं होतं. बरं म्हणजे वळणदार, विचारी नव्हे. कचेरीत माझ्याकडं वारसनोंदींचं टेबल होतं. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत मी जी नावं लिहायचो ती सगळी 'कै.'नं सुरू व्हायची. कधीकधी घरी पत्र लिहितानाही सासऱ्यांच्या नावाआधी हात तिकडं वळायचा, तो मी निग्रहानं मागं घ्यायचो.

आणि आता कॅप्टनसाहेबांबद्दल सांगायला पाहिजे, कारण बाकीची सगळी इंजिनं म्हणजे काकांनी नुसता हात बसवून घेतला होता.

काका आणि हे कॅप्टनसाहेब एका गावचे, एका ताटात जेवलेले. एक रेल्वेत लागला, एक फौजेत. आधीच्या मोठ्या दुष्काळात फौजी लढाईवरून परत आला, तेव्हा सुभेदार होता. लातूरच्या स्टेशनवर हलगी, हार, सगळं गाव. आणि गाडी येईना. अलीकडं दोन मैलांवर इंजिन बसलं होतं. ते इंजिन त्याच सकाळी काकांनी तपासून 'बरोबर' म्हणून सोडलं होतं. चार तासांनी फौजी बैलगाडीतून आला, शेजारी एक भलीमोठी लोखंडी पेटी. तोवर हलगीवाले निघून गेले होते आणि लोक काकांची चेष्टा करून करून दमले होते. काकांना लाज झाकायची होती. ते सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं बोलले, की इंजिन माझं बरोबर होतं, यानंच पेटीत खडी भरून आणली असेल. लोक हसले. फौजी हसला नाही. त्यानं पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "किसन्या, जिवंतपणी तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई."

पेटीत काय होतं ते काकांना तिसऱ्या दिवशी देगलूरहून कळलं. तिकडचा एक पोरगा याच्याबरोबर लढाईत होता. तो परत आला नव्हता. पेटीत त्याचे कपडे, त्याचा कंगवा, अर्धी लिहिलेली वही होती आणि फौजी ती त्याच्या आईकडं पोचवायला निघाला होता. काका धावत गेले तेव्हा तो ड्यूटीवर परत गेला होता. पत्रं लिहिली, उत्तर नाही. पुढं तो मानद कॅप्टन होऊन निवृत्त झाला आणि नेमका आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आला. रस्त्यात काका समोर दिसले की कॅप्टनसाहेब गाडीनं सांधा बदलावा तसे पलीकडच्या कडेला जायचे. अबोल्याला दहा-बारा वर्षं झाली होती. काकांना साठी उलटून गेली होती, छातीत कळ येऊन गेली होती. एवढा एक माणूस घरात येऊन बसावा, बाकी त्यांना काही नको होतं.

कॅप्टनसाहेबांचं इंजिन करायला त्यांनी सात महिने लावले. अडलं ते हिरव्या रंगापाशी. फौजेचा हिरवा वेगळा असतो, म्हणे, पोपटी नाही, बाटलीचा नाही. जुळवून बघायला पान आणायचं तर त्या साली सगळ्या जिल्ह्यात हिरवं पान म्हणून औषधाला नव्हतं. शेवटी काकांना कॅप्टनसाहेबांच्या परसातल्या तारेवर त्यांची फौजी जर्सी वाळत घातलेली दिसली. आम्ही दोघं निघालो. काकांच्या खिशात सहा झाकणं, प्रत्येकावर वेगळा हिरवा. मी कोपऱ्यावर थांबायचं आणि कुणी आलं की खोकायचं. कॅप्टनसाहेबांच्या मंडळी आल्या. मी संस्कारी माणूस, हात जोडून "जयभीम मामी" म्हणालो, तब्येत विचारली, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं, त्यांच्याबरोबर बोलत बोलत परसात गेलो, आणि तिथं काका जर्सीच्या बाहीला झाकण लावून उभे असलेले पाहिल्यावर मला खोकण्याची आठवण झाली. मामींनी विचारलं, "काय करून राहिले भाऊजी?" काका म्हणाले, "ऊन बघून राहिलो." मामी आत गेल्या. त्या दिवशी रंग जुळला नाही. पण दुसऱ्या दिवशीही जर्सी तारेवर होती, तिसऱ्या दिवशीही. काका रोज नवी झाकणं घेऊन जात आणि येताना कौतुक करत. "फौजी लोक. वाळवायचं तरी किती शिस्तीत."

इंजिन झालं. मागं काकांनी एक उघडा डबा जोडला आणि त्यावर बोटभर लांबीची पत्र्याची पेटी ठेवली, झाकण उघडणारी, बिजागरीसकट. पेटीवर नाव घालायचं नाही म्हणाले. देगलूरच्या त्या पोराचं नाव कधी कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि विचारायला तोंड नव्हतं. इंजिनावरचं नाव मात्र त्यांनी मला कागदावर लिहून दिलं. 'कॅ. सटवाजी लक्ष्मणराव यांस सादर.' काकांचा हात कापायचा, 'कॅ'वरचा त्यांचा चंद्र मधे तुटला होता आणि त्याचे दोन तुकडे दोन मात्रांसारखे शेजारी शेजारी उभे होते. मी कचेरीतून येऊन बसलो होतो, त्या दिवशी चाळीस वारसनोंदी केल्या होत्या. पुढचं आपण जाणताच. अक्षर असं सुंदर आलं की काका चष्मा पुसून पुसून बघत राहिले. त्यांना ते पिवळं दिसत होतं, जवळचं अक्षर डोळ्यांना लागत नव्हतं.

एक मे रोजी शाळेच्या मैदानावर नव्या जिल्ह्याच्या हस्तकलांचं प्रदर्शन होतं. माजी सैनिकांना पहिल्या रांगेचं आमंत्रण. काकांचा बेत साधा होता. हा घरी येत नाही ना, मग इंजिनच त्याच्यासमोर जाईल. आमच्या टेबलाशी त्या दिवशी मोठी गर्दी, आणि गर्दीत एक निवृत्त मास्तर होते. काही लोकांना लिहिलेलं दिसलं की मोठ्यानं वाचल्याशिवाय राहवत नाही. मास्तरांनी तर आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेला. आणि त्यांना संक्षेप मान्य नव्हते, ते फोड करून वाचायचे. कॅप्टनसाहेब कडक इस्त्रीच्या शर्टात येऊन टेबलासमोर उभे राहिले आणि त्याच क्षणी मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचलं, "कैलासवासी सटवाजी लक्ष्मणराव यांस सादर."

कुणीतरी टोपी काढली. कॅप्टनसाहेबांनी वाकून ते अक्षर स्वतः वाचलं. मग नजर मागच्या डब्यावर गेली. त्यांनी नखानं पेटीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, पेटी रिकामी होती, झाकण पुन्हा हलकेच लावलं. ताठ झाले. काकांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि चालत निघून गेले. काकांनी तोंडातून शिट्टी काढायचा प्रयत्न केला, नुसती वाफ निघाली.

घरी आल्यावर काकूंनी शांतपणे सांगितलं की ते त्यांनी आठ दिवसांमागंच वाचलं होतं. काका कधी नव्हे ते ओरडले, की मग बोलली कामून न्हाईस? काकू म्हणाल्या, "जावयाची चूक काढू व्हय मी?" माझ्या मनात किनवटला बदली मागून घ्यावी असं आलं. अर्जाचा मजकूरही जुळवला. काका जेवले नाहीत. बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले आणि एकदाच म्हणाले, "आता न्हाई येत तो." मला कुणी काही बोललं नाही. उलट ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या. त्या गिळताना मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. कॅप्टनसाहेब. उंबऱ्याच्या बाहेर बूट जुळवून उभे.

"किसन्या, जिवंतपणी येणार न्हाई म्हणलो होतो," ते म्हणाले. "काल मास्तरनं शंभर माणसांत मला कैलासाला लावलं. आता मला अडचण न्हाई. येऊ का आत?"

काकांनी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द न येता शिट्टी आली, बारीक, स्वयंपाकघरात शिरतानाची. कॅप्टनसाहेब उंबरा ओलांडून आत आले, रुळाला ठेच लागली, तरी बसले ते थेट बाजेवर, काकांच्या शेजारी. मग त्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. हे अक्षर तुमचंच का, असं विचारलं. मी हो म्हणालो. तुम्ही आपल्यातलेच ना? मी त्यालाही हो म्हणालो. "मग मेलो असतो तरी आपल्यात 'कालकथित' लिहायचं असतं. कैलासात मला कोण वळखतंय?" एकाच अक्षरात दोन चुका करता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पण माणूस घरात आला होता, त्यामुळं मी जरा फुशारलो आणि म्हणालो, की म्हणजे एका अर्थी माझ्या चुकीमुळंच हे जुळून आलं. कॅप्टनसाहेबांनी मान हलवली. निमित्त त्यांना कधीपासून पाहिजे होतं, म्हणाले, शपथ घेताना जोर जास्त लागला होता, तेवढंच. मग काकांच्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "चैत्रात जर्सी कोण वाळवतं रे, किसन्या? आठ दिवस तारेवर ठिवली व्हती मी. तुला रंग घावंना."

काका काही तरी बोलले, पेटीबद्दल होतं, मला नीट ऐकू आलं नाही. काकूंनी मला चहाच्या निमित्तानं आत बोलावून घेतलं होतं.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. छोटी गाडी गेली, तिच्या जागी रुंद रूळ आले. काकांनी ते पाहिले असते तर म्हणाले असते, की एवढ्या रुंदीची काय गरज होती. इंजिनं ज्याची त्याच्या घरी आहेत. हिरवं इंजिन शेवटपर्यंत कॅप्टनसाहेबांच्या बैठकीत काचेच्या कपाटात होतं. मी दहादा म्हटलं की ते अक्षर बदलून देतो, पण त्यांनी हात लावू दिला नाही. आलेल्या पाहुण्याला ते कपाटापाशी नेऊन मोठ्या समाधानानं दाखवायचे, की हे बघा, मी गेलेलो आहे. काकांच्या मागं तीन वर्षांनी तेही गेले. ते अक्षर एकदाचं निम्मं खरं झालं, तेव्हा मला वाटलं, आयुष्यभर चूक राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण त्यांची आठवण निघाली की मला ती सकाळच दिसते. चहा झाला होता. दोघं म्हातारे बाजेवर खांद्याला खांदा लावून बसलेले. कॅप्टनसाहेबांनी पिशवीतून इंजिन आणि मागचा डबा काढला, येताना शाळेतून घेऊन आले होते. पत्र्याची ती छोटी पेटी हातावर घेतली आणि देगलूरच्या त्या पोराचं नाव सांगितलं. लिंबाजी. काकांनी ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. मग पेटी माझ्याकडं आली. लिहा, कॅप्टनसाहेब म्हणाले. मी पिवळ्या रंगाची डबी उघडली, ब्रश बुडवला. सगळे बघत होते. एवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या, त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि त्या घराचा कायदा पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा मोडला.

"थांबा जावई. आधी पेन्सलीनं लिहा, मी वाचते, मग रंग लावा."